मागच्या वेळचे भाऊ

एकदा सहलीला येऊन गेलेल्या माणसाला त्याच सहलीला पुन्हा नेऊ नये. पण आमच्या वांगणीच्या भाऊंना कोणी नेत नाही. पहाटे साडेचारला ते टेम्पो ट्रॅव्हलरच्या पहिल्या सीटवर बसलेलेच असतात. कर्जत यायच्या आत सुरू, "मागच्या वेळी हा रस्ता असा नव्हता." खोपोलीचा वडा मागच्या वेळी गरम होता. पेणला गणपतींचे कारखाने दिसले, तर मागच्या वेळी मूर्तींचे चेहरे जास्त प्रसन्न होते.

अलिबागला कुलाबा किल्ल्याभोवती पाणी. भाऊ अडून बसले. "मागच्या वेळी मी कोरड्या पायांनी गेलो होतो."

"तिथी कुठली होती?" घोडागाडीवाल्याने विचारलं. त्याचा हिशेब सरळ होता. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आज अष्टमी, म्हणजे भरती सहाला, ओहोटी बाराला, आणि आत्ता वाजलेत नऊ. त्यात अष्टमी म्हणजे भांग, पाणी उधाणासारखं लांब सरत नाही. कोरडे पाय हवे असतील तर पुनवेला नाहीतर अवसेला यायचं.

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मागच्या वेळी तिथ्यासुद्धा बऱ्या होत्या."

पुढे कोर्लई. पोर्तुगीज 1740 मध्ये चौल-रेवदंड्यातून गेले, पण इथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही घरात बोलतात. दोन बायकांचं बोलणं कानावर पडताच भाऊ हळहळले, "मागच्या वेळी हे लोक किती छान पोर्तुगीज बोलायचे!" भाऊंना हिंदीसुद्धा जेमतेम येतं.

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, समोर पद्मदुर्ग उभारला. संभाजीराजांनी समुद्रात भराव टाकायला घेतला. तरी सिद्दीने किल्ला दिला नाही. त्याच किल्ल्यात भाऊ कलालबांगडी तोफेला वळसा घालून आले आणि म्हणाले, "मागच्या वेळी मोठी होती."

परतीला आमच्यातल्या एकाने वैतागून विचारलं, "भाऊ, मागच्या वेळी तुम्ही तरी असेच होता का?" भाऊ काही बोलले नाहीत. पिशवीतून आवळासुपारीची डबी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "घाटात तुला गाडी लागते. मागच्या वेळी फार हाल झाले तुझे." मग पिशवीतून लहान मुलांचे कोरडे कपडे निघाले, सेफ्टी पिना निघाल्या, आणि मधुमेहवाल्या मावशींसाठी बिनसाखरेची बिस्किटं. मागच्या वेळी ज्याचं जे अडलं होतं, ते सगळं त्या पिशवीत होतं. एवढं लक्षात ठेवणाऱ्या माणसाला तोफेची लांबी थोडी चुकायची मुभा असावी, असं मला नाइलाजाने वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलला भाऊ गर्दीत एका अनोळखी माणसाला पकडून सांगत होते, "सहल म्हणजे आमची मागच्या वेळची! काय मंडळी होती! काय घोडागाडीवाला, पंचांग तोंडपाठ! तोफ तर ही एवढी! आणि कुलाब्याला गेलो ते थेट कोरड्या पायांनी!"