शहाण्यांनी लावू नये असं झाड

परतवाड्यात कॅलेथिया लावणं हा वेडेपणा आहे, आणि मी या वेडेपणाच्या बाजूनं लिहिते आहे.

सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, दोरीवरचं लुगडं अर्ध्या तासात खडखडीत वाळतं. कॅलेथियाचं माहेर ब्राझीलकडचं ओलं जंगल, तेही उंच झाडांच्या सावलीतलं. शहाणा माणूस इथं कोरफड लावील, सदाफुली लावील, आणि ते बरोबरच आहे. पण कॅलेथियाची पानं संध्याकाळी मिटून वर उभी राहतात आणि सकाळी पुन्हा पसरतात. पानाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते, तिच्या पेशींत पाणी भरतं-ओसरतं, तसं पान हलतं. हे एकदा आपल्या घरात पाहिलं की शहाणपण सुटतं. सुटू द्यावं.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या झाडाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि कागदासारख्या मोडू लागल्या. मी पाणी घातलं. आणखी वाळल्या, आणखी घातलं. शेजारी संत्र्याचे बागायतदार राहतात. त्यांनी कुंडीत बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, आता पानी नोका देऊ. मुया सडल्या ह्याच्या. मुया सडल्या का झाडाले पानी वढता येत नाही, मंग ते वरून तहानलेलंच दिसते."

हा माणूस मृग बहारासाठी ऐन मे महिन्यात झाडांचं पाणी तोडतो, ताण देतो, म्हणून पावसासोबत बाग फुलते. खोडाला पाणी लागून डिंक्या होऊ नये म्हणून त्याच्या प्रत्येक झाडाला दुहेरी आळं असतं: आतलं कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या गोलात. पाणी किती द्यायचं यापेक्षा कुठं आणि केव्हा द्यायचं नाही, हे ज्याला कळतं, त्याच्या शेजारी राहून मी कुंडीत तांब्यामागून तांब्या ओतत होते. झाड उपसलं. काळ्या, लिबलिबीत मुळ्या कापल्या, पांढऱ्या टणक तेवढ्या ठेवल्या, आणि कोकोपीट नि जाड रेती घालून लहान कुंडीत लावलं.

तरी कडा करपतच राहिल्या. उत्तर कूलरनं दिलं. सीझन संपल्यावर ताट्या काढल्या, तर गवतावर पांढरा थर बसलेला, हाताला खरखरीत. तसाच थर कुंडीतल्या मातीवर आणि काठावर होता. बोअरच्या पाण्यातला क्षार! कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार ताटीवर राहतो. झाडातही तेच: मुळातून चढलेलं पाणी पानातून हवेत जातं आणि त्यासोबत आलेला क्षार टोकाला, कडेला साचतो. आधी तिथलंच पान मरतं. एकदा तपकिरी झालेलं पुन्हा हिरवं होत नाही. मेलेली कड कात्रीनं पानाच्या आकारात कापावी, हिरव्याला धक्का लावू नये आणि नव्या पानाची वाट पाहावी.

आता माझी कुंडी कूलरच्या खोलीत असते, पण झोताबाहेर. झोतानं पान सुकतं. त्याच खोलीच्या कोपऱ्यातली ओलसर हवा मात्र त्याला मानवते. लाईन गेली की मी कुंडी माठाच्या तिवईखाली सरकवते, तिथं झिरपणाऱ्या माठाचा गारवा असतो. रात्री दोन वाजता कुंडी उचलून चालणाऱ्या बाईला घरचे काय म्हणतात ते मला माहीत आहे. मी तरी उठते आणि उठावं असंच माझं मत आहे. नवतपात, लोक स्वतःचा जीव सांभाळत असताना, एका मुक्या पाहुण्यासाठी झोपमोड करणारं घर मला फार आवडतं.

वेडेपणाच मोजायचा तर वर चिखलदऱ्याला कॉफी लावणाऱ्याचाही मोजा. बाकी महाराष्ट्र ज्वारी-कापूस करत असताना कोणीतरी गाविलगडाच्या डोंगरात कॉफीचं झाड लावून पाहिलं. आज ती तिथं सावलीत वाढते आहे. संत्रा तरी कुठं इथला? त्याच्यासाठी आमच्या माणसांनी विहिरी खोदल्या, बोअर खोल खोल नेले, आणि बाग सुकताना टँकरनं पाणी घातलं. हिशेब जाणणाऱ्यानं त्यातलं एकही झाड लावलं नसतं.

मागच्या जूनमध्ये टिनाच्या पन्हाळीखाली मी दोन ड्रम ठेवले. पहिल्या सरीचं पाणी सोडून दिलं, कारण त्यात छपराची सारी धूळ उतरते. दुसऱ्या सरीपासून भरलं. त्या पाण्यानं कुंडी तीनदा भरभरून धुतली, खालच्या भोकातून सगळं निथळू दिलं, म्हणजे मातीतला क्षार वाहून जातो. जुलैत मधून एक पान सुरळी होऊन वर आलं. चार दिवसांनी उलगडलं. टोकापर्यंत हिरवं होतं.