छतावरचा नैयायिक

न्यायशास्त्र शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला आधी एक डोंगर दाखवतात. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान. दाखला कशाचा, तर स्वयंपाकघराचा. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’तही हाच डोंगर आहे आणि हेच स्वयंपाकघर. पंडितांनी पिढ्यानपिढ्या घोटलेला हा धडा आता अमेरिकेत घरोघरी छताला स्क्रूने बसवलेला असतो. बशीएवढी पांढरी डबी, मध्ये बटण, कडेला मिणमिणता दिवा. या स्मोक अलार्मला अनुमान एकच येतं, पण ते तो कोणाचीही भीडभाड न ठेवता करतो.

मराठी घराशी त्याचं बिनसतं ते फोडणीवरून. आमच्या न्यू जर्सीत हे दृश्य नवीन नाही. तेल जरा जास्त तापतं, मोहरी उडते, सुक्या मिरच्या काळ्या पडतात आणि छतावरून ठणाणा सुरू होतो. पुण्याहून मुलाकडे आलेल्या काकू झारा हातात घेऊन वर बघत म्हणतात, “अरे, आमटीची फोडणी आहे ती, घर नाही पेटलं!” सून खुर्चीवर चढून पंच्याने वारा घालते, मुलगा भर जानेवारीत खिडक्या उघडतो. आता तर्काने पाहिलं तर चूक कोणाची? कढईखाली अग्नी होताच. नैयायिक बरोबर आहे. तो अग्नी आपणच पेटवलाय, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नाही.

या नैयायिकांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाच्या पोटात अमेरिशियम-२४१ नावाच्या किरणोत्सारी धातूचा कण असतो, वजन एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. त्याच्यामुळे आतल्या हवेतून अगदी क्षीण वीज वाहत राहते. धुराचे कण घुसले की ती मंदावते आणि हा ओरडतो. दुसऱ्या पंथाकडे प्रकाशाची तिरीप असते. धूर आला की ती विखुरते, सेन्सरवर पडते, मग ओरडा. भडकलेल्या ज्वाळा पहिल्याला लवकर कळतात आणि दुर्दैवाने फोडणीही. गादीत किंवा सोफ्यात तासन्‌तास धुमसणारी आग दुसरा आधी ओळखतो. फोडणीवाल्या घराने स्वयंपाकघराच्या आसपास दुसऱ्या पंथाचा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, अलार्म लावावा आणि तोही शेगडीपासून निदान १० फूट लांब. बाकी नियम सोपा आहे: प्रत्येक बेडरूममध्ये एक, बेडरूमच्या बाहेर एक आणि तळघर धरून प्रत्येक मजल्यावर एक. धूर वर चढतो, म्हणून जागा छतावर. भिंतीवर लावायचाच तर छतापासून १२ इंचांच्या आत. भारतातल्या घरात सिलिंडरसाठी गॅसगळतीचा अलार्म घेतलात तर हिशेब उलटा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून तो अलार्म जमिनीलगत हवा.

धर्मकार्यातही या नैयायिकाची दखल घ्यावी लागते. वास्तुशांतीच्या होमाला बसण्याआधी इथले गुरुजी दर्भ आणि तुपाबरोबर विचारतात, “अलार्म झाकलाय ना?” त्याच्यावर शॉवर कॅप चढवली जाते. पूर्णाहुती होते, प्रसाद होतो, पंगत उठते आणि टोपी तशीच राहते. नव्या घराचं रक्षण व्हावं म्हणून सगळं यथासांग केलेलं असतं, आणि रक्षकाचेच नाक-डोळे महिनाभर बांधलेले!

तर्कशास्त्रात आणखी एक दाखला आहे, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा. तिथे अग्नी आहे, पण धूर नाही. घर तापवणारी भट्टी बिघडली तर असंच होतं. धूर दिसत नाही, वास येत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड पसरत जातो. त्याच्यासाठी अलार्म वेगळा, किंवा दोन्ही कामं करणारा घ्यावा लागतो.

या सगळ्या भांडणाचा कळस पहाटे होतो. बॅटरी उतरली की अलार्म दर अर्ध्या-एक मिनिटाने एकदाच ‘टिक्’ करतो. ही वेळ बहुधा पहाटेची असते, कारण खोली गार झाली की मरणोन्मुख बॅटरीचा विद्युतदाबही घसरतो. मग घरातला कर्ता पुरुष अनवाणी प्रत्येक अलार्मखाली मान वर करून उभा राहतो. टिक् होतं, पण दुसऱ्याच खोलीत. अशा वेळी अनेक सज्जन त्याला फिरवून खाली उतरवतात, बॅटरी काढतात आणि कपाटात टाकून झोपतात. “सकाळी बघू,” म्हणतात.

ती सकाळ काही लवकर उजाडत नाही आणि खरा धोका तिथेच आहे. दिवसा करपलेलं कळायला काकूंचं नाक पुरेसं आहे. रात्री मात्र नाकावर भरवसा ठेवता येत नाही. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागं करीलच असं नाही. आवाज बहुतेकांना उठवतो, तरी लहान मुलं त्यातही गाढ झोपून राहतात, म्हणून त्यांना उठवायला कोण धावणार हे आधी ठरवलेलं बरं.

अलार्मशी भांडा, त्याची जागा बदला, पंथ बदला, पण बॅटरी काढून त्याला गप्प करू नका. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐका, अधूनमधून धूळ झाडा. आणि आजच तो खाली उतरवून पाठीवरची तारीख वाचा. तिला १० वर्षं झाली असतील तर बॅटरी बदलून भागणार नाही, अलार्मच नवा आणा.