पाइपला घाम आला पाहिजे

लोणावळ्यात ‘कार एसी रिपेअरिंग’ अशी पाटी दिसली की पहिल्यांदा येणारा माणूस हसतो. जुलैत जिथं टॉवेल वाळायला चार दिवस लागतात आणि पाचव्या दिवशी कुबट वास येतो म्हणून तो पुन्हा धुवावा लागतो, तिथं हवा गार करून मागायला कोण येणार? मीही हसलो होतो. नंतर त्याच पाटीखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी पुष्कळ तास काढले, आणि ‘एसीवाले भाऊ’ ही काय चीज आहे ते कळलं.

भाऊंना नाव असणारच, पण ते कुणी घेत नाही. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा असं जुन्या हायवेनं येत राहिलात तर दर गावाला एक भाऊ भेटतात. एक शटर. खुंटीला लाल-निळ्या नळ्यांचं मीटर. कोपऱ्यात गॅसचं सिलिंडर आणि एक वजनकाटा. बाहेर जुन्या कंडेन्सरांचा ढीग, त्यावर झोपलेलं मांजर. हाताखाली ‘बारक्या’ नावाचा सहा फुटी पोरगा. भाऊंचं वय चाळीस ते साठ यांत कुठंही. खिशाला पेन लावावं तसा थर्मामीटर लावलेला. मी ज्यांच्याकडे जातो ते वलवणच्या बाजूला असतात, पण पुढं लिहिलंय ते थोड्याफार फरकानं सगळ्या भाऊंना लागू आहे.

भाऊंना एका शब्दाचा राग येतो. तो शब्द घेऊनच गिऱ्हाईक गाडीतून उतरतं.

“भाऊ, गॅस संपलाय वाटतं. भरून द्या पटकन.”

भाऊ उत्तर देत नाहीत. चहा संपवतात. कप बारक्याकडे देतात. मग गाडीकडे न बघता म्हणतात, “गॅस म्हंजे पेट्रोल हाय का साहेब, संपायला?”

गिऱ्हाईक गोंधळतं.

“घरी फ्रिज हाय न्हवं? त्यात किती वेळा भरला गॅस?”

एकदाही नाही. मग गाडीतच तो का संपावा? तोच गॅस गोल गोल फिरतो. कॉम्प्रेसर दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पातळ होतो, बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथं उकळतो आणि उकळताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. उघड्यावर तो उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं आपला उन्हाळा आणि आपली थंडी दोन्ही भट्टीच. हे सगळं बंद नळ्यांत चालतं. गाडी हादरते, नळ्या रबराच्या असतात, तेव्हा वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, एवढं भाऊ मान्य करतात. पण दर उन्हाळ्यात जर भरावा लागत असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणाऱ्याला भाऊ जो शब्द वापरतात तो इथं छापता येणार नाही.

गळती शोधताना भाऊंना बघावं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, म्हणून गॅस जिथून जातो तिथं तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. “जाताना चिठ्ठी ठिवून जातो,” भाऊ म्हणतात. डाग नाही सापडला तर नायट्रोजनचं प्रेशर देतात आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावतात. फेसाला एक बुडबुडा येतो, मोठा होतो, फुटतो. भाऊ सगळ्यांना हातानं गप्प करतात. त्या वेळी मांजरसुद्धा हलत नाही.

या गॅसला भाऊ ‘एकशे चौतीस’ म्हणतात. त्यांच्या उस्तादाच्या वेळी ‘बारा’ होता. तो ओझोनला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागे पडला आणि हा आला. हा ओझोनला काही करत नाही, पण एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. लहान गाडीत तो अर्धा किलोच्या आतबाहेर असतो. म्हणजे आतल्या चौघांना गार ठेवणारी वस्तू बाहेर सुटली की बाकीच्यांना तापवते. हा आकडा भाऊंना मी सांगितला. ते म्हणाले, “मंग भोक बुजवायचं की आधी.”

आता तपासणी. भाऊंकडे गाडी नेली की बॉनेट लगेच उघडत नाही. आधी जबानी होते. कधीपासून? सकाळी की दुपारी? जाममध्ये गरम का धावताना? सुरुवातीला गार आणि अर्ध्या तासानं वाराच येईनासा होतो का? वास? पायावर पाणी? आणि शेवटी, नजर रोखून: “आधी कुणी हात लावला?” या प्रश्नाला बहुतेक लोक खोटं बोलतात. भाऊंना ते स्क्रूच्या डोक्यावरून कळतं.

या जबानीतच निम्मं काम होतं. वारा हळूहळू कमी होऊन बंद पडतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा येतो, याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. पायावर पाणी पडतं त्याला ड्रेनची नळी तुंबलेली. बारक्या गाडीखाली शिरून वायर घालतो आणि तांब्याभर पाणी स्वतःच्या तोंडावर घेतो. वारा कमी आणि आवाज जास्त असेल तर हवेची गाळणी. लोणावळ्यातल्या गाळण्यांत मी स्वतः पाहिलेल्या वस्तू: गुलमोहराच्या पाकळ्या, कणसाचे केस, चिक्कीचा कागद आणि भाताच्या पेंढ्याचं एक व्यवस्थित विणलेलं घरटं, रिकामं.

मग बॉनेट. एसी पूर्ण, काचा वर, गाणी बंद. ‘टक्’ असा क्लच लागल्याचा आवाज भाऊ मान तिरकी करून ऐकतात. नंतर दोन पाइपांना हात लावतात. बारीक पाइप गरम हवा, जाड पाइप गार. नुसता गार नव्हे, ताकाच्या पेल्याला बाहेरून यावेत तसे थेंब आले पाहिजेत. “पाइपला घाम आला की माणसाचा जातो,” असं म्हणून भाऊ ओला तळवा दाखवतात. हा त्यांचा दाखला. मीटर नंतर लागतं: निळा काटा तिशीत, लाल दोनशेच्या आसपास. दोन्ही खाली म्हणजे गॅस कमी. दोन्ही वर म्हणजे गॅस जास्त किंवा पुढची जाळी गार होत नाही. दोन्ही एकमेकांकडे सरकले म्हणजे कॉम्प्रेसर म्हातारा.

गिऱ्हाइकांचेही प्रकार आहेत. मुंबईचे शेठ खाली उतरत नाहीत, काच दोन बोटं खाली करून किंमत विचारतात. पुण्याचे साहेब व्हिडिओ पाहून आलेले असतात आणि भाऊंना ‘एक्स्पान्शन व्हॉल्व्ह’चा उच्चार शिकवतात. तिसरा प्रकार खोपोलीहून वर येणाऱ्यांचा. “घाटात एसी गेला हो, आणि वर आल्यावर आपोआप आला!” अशी त्यांची तक्रार. पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडीच कॉम्प्रेसर सोडून देते, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद चढाला मिळते. पूर्वी हे काम मागच्या सीटवरचे काका करायचे: “घाट आलाय, एसी बंद कर!” आता काकांना गाडीत बसवून दिलेलं आहे. भाऊ या लोकांकडून पैसे घेत नाहीत. फक्त हसतात, आणि त्याचंच लोकांना वाईट वाटतं.

माझ्या गाडीचं असं झालं. मे महिना, रविवार, पवना धरणावरून परत येताना लोणावळ्याच्या जाममध्ये सापडलो. गाडी सरकली की गार वारा, थांबली की भाकरीच्या तव्यावरची वाफ. मागे बसलेल्या चिंचवडच्या मामांनी निकाल दिला: गॅस. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गॅस भरला. पुढच्या रविवारी तेच. पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “कॉम्प्रेसर गेला. अठ्ठावीस हजार.” मामा म्हणाले, “मी म्हटलंच होतं.” ते असं काही म्हटलेले नव्हते.

भाऊंनी एकच प्रश्न विचारला. “धावताना गार?”

“हो.”

“बारक्या, मग आण.”

बारक्यानं बादलीतून मगभर पाणी आणलं. भाऊंनी मला आत बसवलं, हात डॅशबोर्डच्या जाळीसमोर धरायला सांगितला, आणि समोरून कंडेन्सरवर पाणी ओतलं. दहा सेकंदांत माझ्या तळहाताला गार वारा लागला. दुसरा मग. आणखी गार. अठ्ठावीस हजारांच्या दुखण्याची तपासणी दोन मग पाण्यात झाली.

समजलं ते असं. गाडी धावते तेव्हा वारा आपोआप जाळीवरून जातो. थांबली की पंख्यानं ते काम करायचं. माझ्या गाडीला पुढं दोन पंखे. रेडिएटरचा फिरत होता म्हणून इंजिन तापत नव्हतं, कंडेन्सरचा मेलेला. जाळी तापली की प्रेशर चढायचं, प्रेशर चढलं की स्विच कॉम्प्रेसर बंद करायचा. गाडी आपल्या परीनं स्वतःचा जीव वाचवत होती आणि आम्ही तिच्यात गॅस कोंबत होतो.

भाऊंनी पंख्याच्या वायरवरून बोट फिरवलं आणि कनेक्टरजवळ थांबले. वायर कुरतडलेली.

“गाडी कुठं लावता?”

“तळेगावला. बिल्डिंगच्या मागं. पलीकडे भातखाचरं आहेत.”

“भात निघालं की उंदरांनी जायचं कुठं?” इंद्रायणी तांदळाचं कौतुक मी पुष्कळ ऐकलंय, त्याच्या काढणीचा माझ्या गाडीशी संबंध पहिल्यांदाच कळला.

वायर जोडून झाली, पंखा फिरला, मी पाकीट काढलं. भाऊ म्हणाले, थांबा. दोनदा वरून भरलेला गॅस जास्त झाला होता. बॉनेटच्या आत एक स्टिकर असतं, त्यावर गॅस कुठला आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. ते स्टिकर मी पाच वर्षांत वाचलं नव्हतं, आणि त्या गॅरेजवाल्यानंही. भाऊंनी सगळा गॅस मशीननं काढून घेतला आणि व्हॅक्यूम लावला.

इथं भाऊंचा खरा हट्ट दिसतो. बाकीचे पाच मिनिटं व्हॅक्यूम करतात, भाऊ अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण. नळ्यांत शिरलेला ओलावा निघाला नाही तर तो बारीक भोकाशी गोठतो. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या हवेच्या तापमानालाच उकळून निघून जातं. “चूल न पेटवता आधण,” भाऊ म्हणतात. मुंबईत काम शिकून आलेला बारक्या सुरुवातीला काट्याकडे बघत तासभर बसायचा, कारण तिथं काटा २९ च्या पुढं जातो आणि इथं २७ पार करून थोडा पुढं गेला की अडतो. त्याला वाटलं मीटर बिघडलंय. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर. वरून दाबणारी हवाच कमी, तर काढणार किती? अख्खी मुंबई हवा खायला लोणावळ्याला येते आणि भाऊ मीटर दाखवून सांगतात की इथं हवा कमी आहे.

वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. जाड पाइपला घाम आला. बिल सतराशे, त्यात वायरचे साठ.

पाटीला हसलो होतो त्याचं उत्तर मला त्याच वर्षी जुलैत मिळालं. खंडाळ्याच्या धुक्यात काच आतून पांढरी झाली. आमच्याकडे यावर घरगुती उपाय पुष्कळ: कुणी बटाटा चोळतो, कुणी शाम्पू, मामा वर्तमानपत्र. भाऊंनी फोनवर सांगितलं, “बोट फिरवा. आतनं पुसलं जातंय का? मंग एसी लावा, काचेवर सोडा, थोडं गरमबी चालंल. बाहेरनं असंल तर काच लई गार झाली. वायपर मारा न् एसी कमी करा.” गरम आणि एसी एकदम? “एसी हवा वाळवतो साहेब. गार व्हतं ते वरखर्चात.”

विलिस कॅरिअर यानं १९०२ साली पहिला आधुनिक एसी आखला तो ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. हवेतला ओलावा आटोक्यात ठेवणं हे त्याचं मूळ काम. माणसांना गारवा हवा ही गोष्ट नंतर आली. तेव्हा हे यंत्र जगात कुठं मूळ कामाला लागत असेल तर पावसाळ्यात लोणावळ्याला, आणि भाऊंचा धंदा मेपेक्षा जुलैत जास्त चालतो यात हसण्यासारखं काही नाही. दुकानात त्या महिन्यांत एक दोरी बांधलेली असते. तपासणीला आलेल्या गाड्यांच्या एसीसमोर बारक्या आपले मोजे वाळवतो.

तुमचा एसी बिघडला तर जरूर जा. मंगळवारी किंवा बुधवारी जा. रविवारी भाऊ रस्त्यातच कुणाच्या तरी बॉनेटमध्ये असतात. आधी कुणी हात लावला ते खरं सांगा, स्टिकर वाचून जा, आणि ‘गॅस’ हा शब्द त्यांच्या तोंडून येईपर्यंत उच्चारू नका. मामांना घरी ठेवा.