राउटर स्वतंत्र झाला, नेट गेलं

पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखाना परिसरातल्या एखाद्या हौशी पोराने राउटरला कंपनीच्या गुलामगिरीतून सोडवायला त्यात ‘ओपनडब्ल्यूआरटी’ टाकलं, की पहिला प्रसाद ठरलेला: वायफाय गायब. २००४ पासूनची ही फुकट प्रणाली सहसा वायफाय बंद ठेवूनच येते. आधी केबल जोडा, मग चालू करा. केबल जोडली, तरी नेट नाहीच. कारण बऱ्याचदा फायबरचा डबा आणि राउटर, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. एका घरात दोन कारभारी! राउटरला १९२.१६८.२.१ दिला, की भांडण मिटतं. तेवढ्यात कळतं, पीपीपीओईचा, म्हणजे नेटच्या लॉगिनचा, पासवर्ड जुन्या सेटिंगबरोबर पुसला गेला. तो असतो केबलवाल्याकडे, आणि त्याचं म्हणणं एकच: ‘भाऊ, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाका ना!’