बासचा रॉड कसा घ्यावा (बास नसलेल्या गावात)

सर्वप्रथम निवृत्त व्हा. चाळीस हजारांची गळाची काठी घेण्याची पात्रता भिलाईच्या पोलादनगरीत साधारणपणे ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाल्यावरच अंगी येते. त्याआधी माणूस ए, बी, सी शिफ्टच्या चक्रात फिरत असतो आणि मासा त्याला फक्त ताटात भेटतो. निवृत्तीनंतर मात्र रोज संध्याकाळी सिविक सेंटरला फेरी मारावी, नेहरू आर्ट गॅलरीत प्रदर्शन असेल तर डोकावून यावं, गुपचुप (म्हणजे पाणीपुरी) खावं आणि उरलेला वेळ मोबाईलवर अमेरिकन लोकांना बास मासा पकडताना पाहण्यात घालवावा. लवकरच जाणवू लागतं की आयुष्यात एकच उणीव राहिली : सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा, ‘सर्व कामांना चालणारा’ रॉड.

दुसरी पायरी म्हणजे बास आपल्या शिवनाथ नदीत नाही, ही गोष्ट घरात बोलू नये. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. जपानने तो 1925 मध्ये हौसेने आशी तलावात आणून सोडला आणि 2005 मध्ये तोच मासा पाळायला-सोडायला कायद्याने बंदी घातली, इतका तो तिथे मातला. तेव्हा बास इथे आणण्याचा विचार करू नका. रॉड आणा, तो निदान पिल्लं घालत नाही.

हे शेवटचं विधान पूर्णपणे खरं नाही. ‘सर्व कामांना चालणारा’ रॉड वर्षाच्या आत दुसऱ्या रॉडला घरात आणतोच. कारण असं, की सात फुटी मीडियम-हेवी रॉड साधारण 7 ते 21 ग्रॅमचं आमिष छान फेकतो. त्याहून हलकं लावलं की तो वाकत नाही, आणि वाकला नाही तर फेक जात नाही. तीन-तीन काट्यांचे गळ असलेलं आमिष लावलं, तर ताठ शेंड्याच्या हिसक्याने गळ माशाच्या तोंडातून फाटून निघू शकतो. त्याला मऊ रॉड हवा. म्हणून खोक्यावर ‘ऑल-राउंडर’ वाचलं की कपाटात आणखी दोघांची जागा धरून ठेवावी.

कपाटावरून आठवलं. भिलाईकराला जोडाबद्दल उपजत आकस असतो. आपला कारखाना 130 मीटरचा अखंड रूळ लाटून काढतो, मग आपण दोन तुकड्यांची काठी का घ्यावी? एकसंध रॉडच घ्यायचा, असा बाणा असेल तर आधी सेक्टरमधल्या क्वार्टरची पाहणी करा. सात फुटी रॉड साडेसहा फुटी कपाटात मावत नाही, भिंतीला टेकवला तर कामवाली झाडूबरोबर उचलते, आणि तो दाखवण्यासाठी हॉलमध्ये उभा धरला की वर पंखा असतो. रेल्वेसुद्धा रूळ शेवटी जोडूनच टाकते. दोन तुकड्यांचा घ्या.

आता पैशांचा प्रश्न. अमेरिकेत किंवा जपानमध्ये बनलेला उत्तम रॉड सहज 500 डॉलरला जातो, म्हणजे 40,000 रुपयांच्या वर. जकात आणि कुरियर वेगळं. बाजारात रोहू 200 रुपये किलो धरला, तर 200 किलो रोहू पकडल्यावर रॉड फिटतो. दर रविवारी एक किलो, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, पेट्रोल सोडून. हा हिशेब मुद्दाम देत आहे, म्हणजे तो घरी कोणी मांडायला घेतलाच तर तुम्हाला विषय कुठे बदलायचा हे आधीच ठाऊक असेल. ‘भाच्याने न्यू जर्सीहून पाठवला’ हे उत्तर घरी आणि नदीवर, दोन्हीकडे चालतं.

एवढ्या पैशात मिळतं काय? थट्टा बाजूला ठेवून सांगायचं, तर बरंच मिळतं. उच्च प्रतीचा कार्बन कमी वजनात जास्त ताठ असतो. त्यामुळे तळाचा खडा, शेवाळ आणि माशाचा हलका स्पर्श हे तीन वेगळे निरोप तळहातापर्यंत येतात. तिकडचा बासवाला रॉड दिवसभर हातात धरतो, शेकडो वेळा फेकतो. शेंड्याकडचे वाचलेले ग्रॅम त्याच्या मनगटाला संध्याकाळी कळतात. आपण काय करतो? कणकेची गोळी लावतो, रॉड दोन काटक्यांवर आडवा ठेवतो आणि डबा उघडतो. तळहात पोळीभाजीत गुंतलेला असताना ते सगळे निरोप काटक्यांना मिळतात. शिवाय तोच पातळ, ताठ कार्बन ठोक्याला नाजूक. स्कूटरच्या पायदानावर आपटला तर त्या दिवशी काही दिसत नाही. नेमका मोठा कतला लागल्यावर कडकन मोडतो. काच आणि कार्बन मिसळलेला स्वस्त रॉड असल्या गोष्टी मनावर घेत नाही. आणि महाग असो वा स्वस्त, कार्बनमधून वीज वाहते. तारांखाली रॉड उभा करू नका. हे विनोदाने घेऊ नये.

आपल्याकडे बासची भूमिका करू शकेल अशी एकच, मरळ. गवताळ तळ्यात राहते, हवा घ्यायला वर येते आणि रबरी बेडकावर तुटून पडते. तिच्यासाठी मीडियम-हेवी रॉड खरोखर कामाचा. पण तिथेही हवी असते ती ताकद, कारण लागलेली मरळ गवतात घुसायच्या आत खेचावी लागते. हळुवार निरोपांची वाट ती बघत नाही.

पार्सल आलं की कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. धागा अडकला तर कडीला तडा आहे, परत पाठवा. गळ न लावता नुसतं वजन बांधून पहाटे मोकळ्या मैदानावर फेकण्याचा सराव करा. फिरायला येणारे ‘पाण्याशिवाय काय मिळतंय?’ विचारतील, ‘मॉर्निंग वॉक’ म्हणावं. मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयाच्या तळ्याकडे मात्र बघूही नका. गावतळी बहुधा ठेक्याने दिलेली असतात, ठेकेदाराला विचारल्याशिवाय बसू नका.

आता बासचा विक्रम किती रॉडांवर झाला तेही ऐका. 1932 मध्ये जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्याने 10 किलोंहून जड बास पकडला. बरोबर एक मित्र, आणि दोघांत मिळून एकच रॉड. मासा घरी नेऊन खाल्ला. 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात त्या विक्रमाची बरोबरी झाली, तो मोडला अजून कोणी नाही.

तेव्हा निकाल असा : तीन-चार हजारांचा, दोन तुकड्यांचा, सात फुटी मीडियम-हेवी रॉड घ्या, वाचलेल्यातून चांगलं रील, विणलेली दोरी आणि धारदार गळ. चाळीस हजारांचा घ्यायचाच असेल तर जूनमध्ये मागवा. 16 जून ते 15 ऑगस्ट छत्तीसगडच्या नद्या-जलाशयांत मासेमारीला बंदी असते, म्हणजे निदान दोन महिने रॉड नवा राहील.