परवाना हरवला आहे

ज्या परवान्याची गरज जॉर्जिया राज्याने १२ एप्रिल २०२२ रोजी स्वतःच संपवून टाकली, तो परवाना हरवला तर माणसाने काय करावं? शहाण्याने काही करू नये. प्रस्तुत लेखकाने ऑफिसातून रजा काढली.

त्या दिवशी गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी सही केली आणि जो कायद्याने बंदूक ठेवायला पात्र आहे, त्याला ती कपड्याआड लपवून हिंडायला वेगळा परवाना लागेनासा झाला. परवाने देणं मात्र चालूच राहिलं. इतर काही राज्यांत जाताना ते कामाला येतात, आणि शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेण्यावर केंद्राच्या कायद्याची जी बंदी आहे, तिच्यातून राज्याच्या परवानाधारकाला सूट मिळते. ही दोन्ही कारणं प्रस्तुत लेखकाला तोंडपाठ आहेत. त्याची मुलगी कॉलेजात शिकते. परराज्यात तो जातो तो बायकोबरोबर, दशम्या-चटणी घेऊन. पिस्तूल घरच्या तिजोरीत असतं.

खरं कारण पाकिटाचं. लोक पाकिटाच्या पारदर्शक कप्प्यात मुलांचा फोटो ठेवतात, याने परवाना ठेवला होता. मंडळाच्या गणपतीची वर्गणी देताना पाकीट अशा बेताने उघडायचं, की खजिनदाराची नजर आधी परवान्यावर पडावी आणि मग नोटांवर. "हे काय रे?" असं कुणी विचारलंच तर "काही नाही, असंच" म्हणायचं आणि प्रसादाच्या रांगेत शेवटपर्यंत त्यावरच बोलायचं. सदाशिव पेठेत वाढलेला, दिवाळीत फुलबाजीच्या पुढे न गेलेला हा माणूस. २०१७ साली काढलेल्या परवान्याची पाच वर्षांची मुदत संपली, तोवर कायदा बदलून गेला होता. तरी त्याने नूतनीकरण केलं आणि बायकोला सांगितलं, "असू दे, ओळखपत्र म्हणून."

बरं, हे ओळखपत्र कसलं, तेही पाहण्यासारखं आहे. जॉर्जियात गाडीच्या परवान्यासाठी दोन खांबांच्या मध्ये गाडी मागे घेऊन लावून दाखवावी लागते. पिस्तूल लपवून नेण्याच्या परवान्यासाठी बोटांचे ठसे घेतात, गुन्ह्यांची नोंद तपासतात, साधारण ७५ डॉलर घेतात. नेम तर सोडाच, पिस्तूल कुठल्या बाजूने धरायचं हेही कुणी विचारत नाही. त्याआधी, एच-वन-बी व्हिसावर असताना, याला बंदूक जवळ ठेवायलाच केंद्राची मनाई होती. अपवाद होता, पण त्यासाठी शिकारीचा परवाना लागला असता. पालीला कागदात धरून अलगद बाहेर सोडणाऱ्या घरात ती वाट बंदच होती.

तर घर बदललं, काउंटी बदलली, आणि खोकी उपसता उपसता परवाना नाहीसा झाला. कायदा सांगतो की हरवल्याचं कळल्यापासून ४८ तासांत, ज्या काउंटीने परवाना दिला तिथल्या प्रोबेट न्यायाधीशाला कळवा. आता मराठी घरात वस्तू हरवते नेमकी कधी? "असेल इथेच कुठेतरी" या अवस्थेत ती वर्षानुवर्षं राहू शकते. बायकोने शेवटचं खोकं उघडून "नाहीये" असं जाहीर केलं, तेव्हापासून त्याने घड्याळ लावलं.

जुन्या काउंटीतल्या बाई म्हणाल्या, हरवल्याची नोंद करून घेते, पण तुमचा पत्ता आता आमच्याकडचा नाही. नव्या काउंटीतल्या बाई म्हणाल्या, पत्ता बदलून देते, फक्त जुनं कार्ड जमा करा.

मधली हद्द म्हणजे एक ओढा आहे.

इथे काउंटीबद्दल थोडं सांगायलाच हवं, आणि ते थोडंच राहील अशी हमी देता येणार नाही. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्या असलेल्या जॉर्जियात काउंट्या १५९! अमेरिकेत याहून जास्त फक्त टेक्ससकडे, २५४. कारण असं सांगतात की शेतकऱ्याला खेचरावर बसून कचेरीच्या गावी जाता यावं, काम उरकावं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतता यावं. ऐकायला किती छान! पण खेचरापेक्षा पुढारी हुशार होते. तेव्हा प्रत्येक काउंटी म्हणजे एक कोर्ट, एक शेरीफ, नोकऱ्यांचा एक घोस आणि विधानसभेत किमान एक जागा. १९१७ च्या कायद्याने तर पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत माणसांऐवजी काउंट्यांची मतं मोजायची ठरवलं. आठ मोठ्या काउंट्यांना सहा-सहा, पुढच्या तिसांना चार-चार, उरलेल्या १२१ ना दोन-दोन. म्हणजे कापूस आणि कोंबड्यांच्या तीन काउंट्या मिळून अख्ख्या अटलांटाच्या फुल्टन काउंटीच्या बरोबरीच्या. यूजीन टॅलमज नावाचे गव्हर्नर तर फुशारकी मारत, की जिथे ट्राम धावते तिथली मतं आपल्याला नकोतच. १९६३ साली ग्रे विरुद्ध सँडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मोडीत काढली. काउंट्यांची संख्या मात्र हलली नाही. तिच्यावर राज्याच्या घटनेनेच मर्यादा घातली आहे. खरं तर पूर्वी त्या १६१ होत्या. मंदीत डबघाईला आलेल्या मिल्टन आणि कॅम्पबेल या दोघी १९३२ मध्ये फुल्टनमध्ये विलीन झाल्या. आज मराठी कुटुंबांची घरं जिथे दाटीने आहेत ते अल्फारेटा म्हणजे त्या मिल्टन काउंटीची जुनी राजधानी. हे सगळं प्रस्तुत लेखकाने दोन काउंट्यांच्या बाकांवर बसून फोनवर वाचलं. खेचरवाल्याचं काम एका दिवसात होत असे, हे वाचताना त्याला विशेष लागलं.

आणि पिस्तुलाचं काम लग्नाचे परवाने देणाऱ्या, मृत्युपत्रांचा निवाडा करणाऱ्या कोर्टाकडे का? त्याचं उत्तर १९१० मध्ये आहे. त्या वर्षी जॉर्जियाने पिस्तूल बाळगायला परवाना सक्तीचा केला आणि तो देण्याचा अधिकार काउंटीच्या याच न्यायाधीशाला दिला. शुल्क ५० सेंट, वर १०० डॉलरचा जामीन. चारच वर्षं आधी, सप्टेंबर १९०६ मध्ये, अटलांटात गोऱ्या जमावाने दिसेल त्या काळ्या माणसावर हल्ले केले होते, आणि ब्राउन्सव्हिल या काळ्या वस्तीत शस्त्रं जप्त झाली ती रहिवाशांची. त्या काळात १०० डॉलर कुणापाशी होते आणि न्यायाधीशाला कोण भला वाटत होता, हे वेगळं सांगायला नको. न्यू यॉर्कमध्ये तर २०२२ पर्यंत अशा परवान्यासाठी अधिकाऱ्याला खास कारण पटवून द्यावं लागे. सर्वोच्च न्यायालयातल्या ब्रूएन खटल्यात ती अट गेली. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस जॉर्जियातल्याच पिन पॉइंटचे.

कारण कुणी विचारलं असतं, तर प्रस्तुत लेखकापाशी ते होतं. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचीभोतला हा इंजिनियर ऑफिसनंतर मित्राबरोबर बसला होता. आमच्या देशातून चालते व्हा असं ओरडणाऱ्या माणसाने त्याला गोळ्या घालून मारलं. त्यानंतर पुण्याहून आईचा रोज फोन यायचा. जेवलास का, हे ती आधी विचारायची आणि बाहेर गेला होतास का, हे नंतर. त्याच वर्षी पिस्तूल आलं. खजिनदाराला त्याने हे कधी सांगितलं नाही.

बायकोने तेव्हाही विरोध केला होता. "पोलिसाने गाडी थांबवली आणि तू कार्ड काढायला खिशात हात घातलास, तर त्याला काय दिसेल?" तिच्या डोळ्यांपुढे फिलँडो कॅस्टील होता. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात पोलिसाने गाडी अडवली, तेव्हा त्याने आपल्याकडे बंदूक असल्याचं आपण होऊन सांगितलं. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. काही सेकंदांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या, आणि पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवलं. यावर प्रस्तुत लेखकाला उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही. म्हणूनच पिस्तूल तिजोरीत आणि कार्ड पाकिटात, अशी तडजोड झाली. माणसाला निदान परवान्याने तरी धीर यावा.

असो. जुन्या काउंटीने शेवटी परवाना रद्द केल्याचा कागद दिला, आणि नव्या काउंटीने तो कागद जुन्या कार्डाच्या जागी चालवून घेतला. दोन्हीकडच्या बाई प्रेमळ होत्या, दोघींनी त्याला 'हनी' म्हटलं. दोन्ही दारांवर धातूशोधक यंत्रं होती, कारण कोर्टात पिस्तूल नेता येत नाही. आपल्यापाशी ते नाही, हे शिपायाला आवर्जून सांगण्याचा मोह त्याला दोन्हीकडे झाला. शिपायाने पट्टा काढायला लावला.

नवी काउंटी आटोपतेय तोच बायकोचा मेसेज आला. 'त्याच कोर्टात आहेस ना? मग मृत्युपत्राचंही विचारून ये. दहा वर्षं नुसतं म्हणतोयस.' खिडकीतल्या बाईंनी वकिलाकडे जायला सांगितलं, आणि लिहून झाल्यावर कोर्टात सांभाळायला देता येतं हेही. त्या शनिवारी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले. घर, गाड्या, पुण्याचा फ्लॅट, आईची नथ, असं भराभर ठरत गेलं. पिस्तुलाशी गाडं अडलं. बायकोला ते नको होतं. मुलगी म्हणाली, आजच विकून टाका.

प्रस्तुत लेखकाने बराच विचार करून सुचवलं, "जावयाला देऊ."

"बाबा," मुलगी म्हणाली, "मग जावई विसरा."