चुलतबंधू माकडराव यांस अनावृत पत्र

रा. रा. माकडराव,
मु. पो. देवळामागचा वड,
यांस सा. न. वि. वि.

आपल्या घराण्याची वाटणी होऊन सुमारे अडीच कोटी वर्षं झाली. तुम्ही झाडावर राहिलात. आमची शाखा पुढे खाली उतरली, ताठ झाली आणि सातबारा काढू लागली. इतक्या काळानं लिहायचं कारण असं, की आमच्याकडच्या काही मंडळींना ही भाऊबंदकीच मान्य नाही.

2018 च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही, सबब डार्विन चूक. खापरपणजोबांना आम्हीही पाहिलेलं नाही, पण म्हणून वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडलेला नाही. शिवाय आजच्या माकडापासून माणूस झाला, असं डार्विन म्हणालाच नव्हता. दोघांचा मूळपुरुष एक, इतकंच. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून तेव्हा निषेधाचं पत्रक काढलं.

2023 मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या मुलांचं ओझं हलकं केलं. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातली उत्क्रांती गेली, आनुवंशिकता राहिली. म्हणजे सातबारा जपला आणि फेरफाराची वही रद्दीत घातली. आवर्त सारणीही त्याच रद्दीत गेली. 1,800 हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्याला उत्क्रांती अजून भेटते. कॉमर्सवाल्याचे पूर्वज मात्र दहावीतच वारले.

राहिला ‘कोणी पाहिलं?’ हा प्रश्न. विदर्भातल्या कापूसवाल्यानं पाहिलं! 2017 च्या हंगामात बीटी कापसाच्या बोंडात गुलाबी बोंडअळी निघाली, जिच्यासाठी बोंडात विष होतं तीच. ते पचवून ज्या जगल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. हे लांबवण्यासाठी 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटीची पुडी मिळायची. ती कडेनं लावायची, त्यावर साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे त्यांचे पतंग चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुळून चिवटपणा पातळ राहतो. कित्येक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. स्वतःच्या रानात अळी कशाला पोसायची, याचं उत्तर ज्या धड्यात आहे, तोच आपण ओझं म्हणून उतरवला.

1966 साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद वार्षिक अधिवेशन भरवते, विज्ञान मराठीत बोलते. पुढच्या अधिवेशनाला तुम्ही साक्षीला यावं. शालीची गरज नाही, नारळ तुम्ही स्वतःच काढता. परिषदेलाही विनंती, की एका सत्रात कापूस पिकवणारा शेतकरी आणि दहावीची मुलगी शेजारी बसवा. त्यानं बोंड फोडून दाखवावं, तिनं धडा वाचावा. दोघांना एकमेकांचं म्हणणं तिथल्या तिथे पटेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जमिनीवरचा चुलतभाऊ

ता. क. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2’ चा पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. जादा फी भरून आम्ही मुलाला एनसीईआरटीची पुस्तकं शिकवणाऱ्या सीबीएसईला घातलं, आणि पूर्वज मिळाले राज्य मंडळातल्या शेजारच्या पोराला! वाचकहो, ते पुस्तक मागून आणा आणि मुलांसोबत तो धडा वाचा. ही नोंद अजून कोणी खोडलेली नाही.